कोपऱ्यातला राब

पळसदरी
९ डिसेंबर

नमू,

आशीर्वाद. पत्राला कारण लागतं, ते मी शेवटी लिहिणार हाय. आधी लिहिलं तर पहिली ओळ वाचून तू कागद घडी करून ठेवशील. तू तशीच हायस. तुझी आई पण तशीच हाय. तुमच्या मधे मी सापडलेय.

मी तिसरीपर्यंत शाळेत गेले, त्यातली निम्मी शाळा म्हशीमागं. तेव्हा माझे काने-मात्रे तपासत बसू नको. पत्ता शेजारच्या जितेशने लिहून दिला. तो आता खालापूरला टोलनाक्यावर कामाला लागलाय, जाता-येता पोस्टात टाकेल. तुझ्या गावाचं नाव पाकिटावर मावेना. जर्मन लोकांना आखूड नाव ठेवायला कुणी मनाई केलीय काय?

तुझा फोटो पेपरात आला होता. ‘कृष्णद्रव्याच्या शोधात कर्जतची लेक.’ जितेशने वाचून दाखवला आणि त्याच्या बायकोने गावभर केला. संध्याकाळच्या आत गोदूबाई हजर.

“काय गं आनंदी, नातीला द्रव्य गावलं?”

“गावलं,” मी बोलले, “पण काळं हाय. दिसत नाय.”

“दिसेल कसं! द्रव्य कोण दाखवतं काय?”

झालं. मग कोंडाण्याचे दोघे मोटारसायकलवर आले. लेण्याच्या खाली जुनं धन हाय म्हणतात, तुमच्या नातीच्या यंत्रात दिसेल का बघायला सांगा. मी बोलले, तिचं यंत्र आभाळाकडं तोंड करून असतं, तुमच्या बुडाखालचं त्याला दिसत नाय. चहा पिऊन गेले.

पण तू खरं काय शोधतेस ते मला पण धड ठाऊक नाय. मागच्या वेळी बांधावर बसून सांगायला लागली होतीस, तेवढ्यात ते झालं.

ते झालं ते मी लिहूनच टाकते. आपण तिघी लपवत बसलोय, आणि गोदूबाईला तोंडपाठ हाय. राबाचे दिवस होते. ठाकूरवाडीतल्या भागीने वाळक्या पानांचा पातेरा आणून टाकला होता. तू हौसेने रोपाच्या वाफ्यावर शेण, तोडलेल्या फांद्यांचा कवळ, पातेरा रचत होतीस. जितेशची बायको डोंबिवलीची, ती विचारत होती की शेतात कचरा कशाला जाळता. तूच तिला सांगितलंस, पावसाआधी वाफा भाजायचा, राखेवर भात पेरायचं, भाजलेल्या जागी रोप दाट नि काळंभोर येतं, मग ते उपटून खाचरात लावायचं. मग मला बोललीस, “आजी, तो एक कोपरा दरवर्षी का सोडता गं? तिथलं रोप बघ कसं पिवळं नि विरळ असतं.” मी उत्तर द्यायच्या आत तिथं पण पातेरा पसरलास आणि काडी लावलीस.

तुझी आई अनवाणी धावत आली. पायाने आग विस्कटली. आणि तुझ्या थोबाडीत दिली. तीस वर्षांच्या बाईच्या, भागीच्या आणि गोदूबाईच्या देखत. जिने लहानपणी तुला कधी चापट मारली नाय, तिने.

तू त्याच दिवशी बॅग भरलीस. त्याच्यावर तीन राब झाले. तू तिच्याशी बोलत नायस, ती तुझ्याशी बोलत नाय, दोघी मला विचारता की ती कशी हाय.

आता कारण. तुझ्या आईच्या, सुरेखाच्या पोटात गाठ हाय, ते तुला फोनवर सांगितलं होतं. तू काय बोललीस ते पण लक्षात हाय. “आईने स्वतः बोलवावं, मग येईन.” नमू, ती बोलवणार नाय. आणि गाठ थांबणार नाय. डॉक्टर बोलला, आता औषध दुखण्यापुरतं.

हे वाच, आणि निदान उत्तर लिही. द्रव्याचं लिही, चालेल.

आजी


पळसदरी
२४ जानेवारी

नमू,

तुझं पत्र आलं. तीन पानं कणांची, आईची एक ओळ. बरं, तीन पानांचं आधी बघते.

तू लिहिलंस की आभाळात दिसतं त्याच्यापेक्षा न दिसणारं पुष्कळ जास्त हाय. त्याच्या मोठ्या-बारक्या गाठी असतात, मोठ्या गाठींत तारे बसतात, बारक्या गाठी नुसत्या अंधारात पडून असतात. आणि सगळ्यात आधी, तारे-बिरे काय नव्हतं तेव्हा, दुसरेच कुठले तरी लपलेले कण होते. थोडाच काळ टिकले. मग मोडून गेले, मागं काय ठेवलं नाय. पण ते होते तेवढ्या काळात बारक्या गाठी कशा जमायच्या ते ठरून गेलं. एका जातीचे कण असते तर गाठी दाट झाल्या असत्या, दुसऱ्या जातीचे असते तर विरळ झाल्या असत्या, पुसूनच गेल्या असत्या.

आणि पुढं लिहिलंस, “आजी, राबासारखं समज. लावणीच्या वेळी राख कुठं दिसते? पण रोपावरून कळतं ना, कुठं भाजलं होतं आणि कुठं नाही.” हे मला समजलं. डोंगरावरून बघितलं तर सगळं शेत सारखंच हिरवं, वाफ्यात वाकून बघितलं तरच फरक कळतो, हे पण समजलं. बाकीचं पानभर तू तुझ्या साहेबासाठी लिहिलंयस.

दिसत नाय तर त्या गाठी मोजता कशा, हे मी विचारणारच होते. तर तू लिहिलंस, मागून येणारा उजेड गाठीपाशी वाकडा होतो. म्हणून मी काचेच्या पेल्यात पाणी घेतलं आणि देवापुढच्या दिव्यासमोर धरून बघत बसले. सुरेखा पडल्या पडल्या बोलली,

“आई, पाण्याशी काय खेळताय?”

“तुझ्या लेकीचा धंदा करून बघतेय.”

तिने मान इकडं वळवली. “दिसलं काय?”

“वात वाकडी दिसली. तू दिसलीस, ती पण वाकडी.”

हसली. हसलं की तिला दुखतं, म्हणून मी पेला ठेवून दिला.

मग तिने ते पान मला परत वाचायला लावलं. परत म्हणजे तिसऱ्यांदा. मी अक्षर लावत वाचते, ती डोळे मिटून ऐकते, आणि मी अडखळले की पुढचा शब्द तीच सांगते. म्हणजे पाठ झालंय. मला बोलली, एक विचारा, पण माझं नाव घेऊ नका. तिचं विचारणं असं, की ते कण गेलेत ना, मग गेलेल्याला एवढं शोधतात कशाला? त्यांना राहू द्यावं की तसंच.

नाव घेऊ नका बोलली होती. मी घेतलं.

आता ती एक ओळ. “आजी, आई मला कधी कुशीत घेऊन झोपली नाही. लहान होते तेव्हाही नाही. मग आता मी कुठल्या तोंडाने जाऊन तिच्या उशाशी बसू?”

ही ओळ मी तिला वाचून दाखवली नाय. पान उलटलं आणि बोलले, संपलं.

याचं उत्तर माझ्यापाशी हाय. पण मी शपथेत अडकलेय. थोडं थांब. शपथेचं काय करायचं ते बघते.

थंडी हाय. भागीने लाकडं आणून टाकली. ती बोलली, तुझ्या नातीला सांग, सुरेखामावशी बोलतेय तोवर येऊन जा, डोळे मिटल्यावर येऊन काय बघणार. भागीला तोंड नाय म्हणतात लोक. हाय, चांगलं हाय.

आजी


पळसदरी
२ मार्च

नमू,

तू सुरेखाच्या विचारण्याला उत्तर दिलंस, ते पण ‘आजी’ करूनच. ठीक हाय. तू लिहिलंस, ते कण गेले तरी जे मागं उरलंय ते त्यांच्यामुळंच असं उरलंय, त्यांना ओळखल्याशिवाय उरलेल्याचा अर्थ लागत नाय. मी तिला हे वाचून दाखवलं. तिने भिंतीकडं तोंड केलं ते जेवणापर्यंत वळवलं नाय.

आणि खाली लिहिलंस, की खरं बोलायचं तर ते कण होते की नव्हते हेच अजून नक्की नाय. कुणी बघितलेले नाय, कदाचित कधी कळणार पण नाय.

आता ऐक. तुझे कण होते की नव्हते ते तुला ठाऊक नाय. आमची होती. मी तिला न्हाऊ घातलंय.

सुरेखाने मला देवापुढं बसवून शपथ घातली होती, की आई, हे तुमच्या तोंडातून निघायचं नाय. तोंडातून निघालेलं नाय. फोनवर तू किती वेळा खोदून विचारलंस, निघालं नाय. शपथ तोंडाची होती. हाताची नव्हती. मी हाताने लिहितेय. देवाला पटलं नाय तर तो आणि मी बघून घेऊ, आता भेटायला किती राहिलंय!

तुझ्या आधी सुरेखाला एक मुलगी झाली. बारसं पाऊस उघडल्यावर करू असं ठरलं होतं, म्हणून नाव नाय. हुशार होती, गोड होती, असलं काय मी लिहिणार नाय. बाळ होतं, बाळासारखं होतं. जावळ दाट होतं तेवढं मला आठवतं.

लावणी चालू होती. आमी सगळी खाचरात, सुरेखा बाळंतीण, घरात. दुपारी पाजता पाजता तिचा डोळा लागला. जागी झाली तर मूल गार. कर्जतचा डॉक्टर बोलला, छातीत कफ भरला होता, झोपलीस म्हणून झालेलं नाय, जागी असतीस तरी हेच होतं. मी तिथं उभी होते, मी ऐकलं. तिने पण ऐकलं. पण तिने ते आत घेतलं नाय. तिच्या मनात एकच बसलं, की माझ्या अंगाखाली गेली.

एवढ्या लहानाला आपल्यात जाळत नाय, पुरतात. पुरायची जागा ओढ्यापलीकडं, आणि ओढा दोन्ही काठांनी भरून वाहत होता. सगळीकडं गुडघाभर पाणी. कोरडं होतं ते फक्त उंचावरचा रोपाचा वाफा, रोप उपटून रिकामा झालेला. तुझे आजोबा धाकलू कुदळ घेऊन गेले आणि त्याच्या कोपऱ्यात तिला ठेवून आले. तुझा बाप दशरथ नुसता मागं उभा होता, त्याच्याने हात लावला गेला नाय.

पुढच्या वर्षी राब भाजायची वेळ आली. पातेरा रचून झाला. सुरेखा त्या कोपऱ्यावर जाऊन बसली. धाकलू काडीपेटी हातात धरून बघत राहिले, मग बोलले, राहू द्या तेवढं. तेव्हापासून तेवढं राहिलं. लहानांना जाळत नाय ना आपल्यात. तिने जाळू दिलं नाय, एवढंच. वाडीवरची भागी लहान होती तेव्हा, पण तिला पण कुणी न सांगता समजलेलं. ती दरवर्षी तेवढा कोपरा सोडून पातेरा टाकते.

मग तू झालीस. बारसं बाराव्या दिवशीच करून घेतलं. सुरेखाने तुला पाजायचं बसून, पाठ भिंतीला लावून, डोळ्याला पाणी लावून. पाजून झालं की माझ्याकडं द्यायची. “आई, हिला तुमच्यापाशी घ्या.” तू माझ्या कुशीत वाढलीस ती अशी. आणि तू झोपलीस की ती येऊन नाकाखाली बोट धरून बघायची. तू चिडायचीस की आई झोपू देत नाय. दहावीला बसलीस तेव्हा पण बघत होती. तुला वाटायचं, आईला मी जवळ नको. नमू, ती स्वतःच्या अंगाला भीत होती.

मोठं बघितलं तर आपलं घर चार घरांसारखंच. तुला शाळेत घातलं, कपडे केले, कॉलेजला पाठवलं, दशरथ गेल्यावर पण काय कमी पडू दिलं नाय. त्यात कुणाला काय दिसणार नाय. बारकं बघायला गेलीस तर सगळीकडं ती हाय. तू परदेशी निघालीस, आई दारात आली नाय म्हणून तू गाडीत बसून रडलीस. ती मागच्या बाजूला कोपऱ्यापाशी उभी होती. तिथं काय करत होतीस ते मी तिला विचारलं नाय. तू पण विचारू नको.

आणि तू तिथं काडी लावलीस. तुला ठाऊक नव्हतं. पण तिला राब पेटलेला दिसला नाय, तिला दुसरंच पेटलेलं दिसलं.

आता ती पाणी पण चमच्याने घेते. बोलणं कमी झालंय. तू बोलावणं मागत होतीस. बोलावणं येणार नाय, ते हे हाय. वाच आणि काय करायचं ते तुझं तू ठरव. मी पाया पडून सांगणारी नव्हे.

आजी


पळसदरी
३० जुलै

नमू,

लावणी उरकली. गुडघे माझे हायत का दुसऱ्याचे तेच कळत नाय. मी लावत नाय, पण बांधावर उभं राहून शिव्या द्यायला पण गुडघे लागतात.

तुझं पत्र पोचलं. तू इथं होतीस तेव्हा विचारलं नायस, आणि आता तिकडं जाऊन लिहितेस. “आजी, खरं सांग. आई खरंच तसं बोलली, की मला बरं वाटावं म्हणून तू सांगितलंस? मला फोनवर फक्त खोकला ऐकू आला.”

मी आजवर कुणाला बरं वाटावं म्हणून काय बोललेय? आठवून बघ. तुझ्या बापाने नवीन शर्ट घातला तरी मी त्याला बरा दिसतोस बोलले नाय.

तरी सांगते, एकदाच. माझं पत्र पोचलं त्या दिवशी तू फोन केलास. जितेशने फोन तिच्या कानाशी धरला. तुझा आवाज मला पण येत होता. “आई, आजीने मला लिहिलंय,” तू बोललीस. तिने माझ्याकडं असं बघितलं, की हातात ताकद असती तर मला पण थोबाडीत बसली असती. मग तू रडलीस. तिने डोळे मिटून ऐकून घेतलं. मग तू बोललीस, “मी निघतेय, आई. तो कोपरा मी कधी भाजणार नाही.” आणि बराच वेळ कायच नाय. जितेशला वाटलं फोन कटला. त्याने बघायला उचलला, तिने बोटाने परत कानाशी आण असं केलं. ओठ ओले करून घेतले. आणि बोलली, “भाज.”

खोकली नंतर. आधी भाज बोलली. मी तोंडासमोर बसले होते. जितेशने पण ऐकलं, तो बाहेर जाऊन उभा राहिला.

पुढं काय बोलली नाय. तू विमानात होतीस तेव्हा गेली. लोकांच्या आया जाताना देवाचं नाव घेतात. आपली राब भाज बोलून गेली.

तू फक्त खोकला ऐकलास, ते खरं हाय. पण जे स्वतःला दिसलं नाय, ऐकू आलं नाय, ते मागं राहिलेल्यावरून ओळखायचं हाच तुझा धंदा ना? मग या एका ठिकाणी कशाला अडलीस?

तू आलीस तेव्हा चिता पण विझली होती. त्याच्यावर मी काय लिहिणार. तू तिच्या गादीवर, तिच्या जागेवर झोपलीस, ते मी बघितलं. दोनदा उठून तुझ्या नाकाखाली बोट धरलं. तिची सवय मला लागली.

राबाच्या वेळी कोपऱ्यापाशी तूच वाकलीस. काडी दोनदा विझली. भागी बोलली, “पेटव गं बाय, वारा पडलाय.” तू पेटवलीस. धूर सरळ गेला. मी बाजूला उभी होते, मला वाटलं होतं सुरेखा आता धावत येईल. आली नाय, तेव्हा मला ती गेलेली खरं वाटलं.

आता तू विचारलंस ते. कोपऱ्यातलं रोप कसं आलं?

दाट आलं. इतकं दाट, की पाण्याला खाली जायला वाट नव्हती. इतकी वर्षं भाजलेली नव्हती ती जमीन, त्यामुळं असेल, तू काय ते शोधून काढ. रंग असा काळाभोर, की गोदूबाई थांबून बोलली, “आनंदी, कसलं खत घातलंस गं?” मी बोलले, द्रव्य घातलंय, काळं. तिला ते खरं वाटलं असेल.

भागीने रोप उपटलं. बाकीच्या वाफ्यातल्या मुठी बांधून एकीकडं टाकल्या, आणि कोपऱ्यातल्या मुठी वेगळ्या ठेवल्या, बांधावर, पानाखाली. मला विचारलं, “आजे, या कुठं लावायच्या?” तिला वाटलं मी एखादी जागा दाखवीन, निराळी. मी बघत उभी राहिले. इतकी वर्षं एका जागी ठेवलंच होतं की. मी बोलले, सगळ्यांत मिसळ. तिने मुठी उचलून साऱ्या खाचरांत फेकल्या, बायकांनी हाताला आली ती मूठ सोडून लावली.

आता कुठलं रोप कुठल्या जागेतलं ते मला ओळखता येत नाय. मी काल वाकून पण बघितलं. सगळं सारखंच हाय.

दिवाळीला भात कापायला येईल. तुला कुठं यायचं तर कुणीतरी बोलवावं लागतं. तुझ्या आईने बोलावलं नाय. मी बोलावतेय. ये.

आजी